विजापूर रोडचं घर: आकडा किती बोलायचा (प्रकल्प नोंदी)

१० ऑगस्ट २०२५, रविवार

घर पाहिलं. सोलापुरात, विजापूर रोडपासून आत, १,५०० चौरस फुटांचा प्लॉट, खाली साडेआठशे फूट बांधकाम, वर एक खोली. १९९८ सालचं. मागणी ६८ लाख.

राहतात ते मोठे भाऊ. सगळी गल्ली त्यांना अण्णा म्हणते, आम्हीही तेच म्हणायला लागलो. घर अजून त्यांच्या वडिलांच्या नावावर आहे. आई-वडील दोघंही नाहीत. धाकटा भाऊ पुण्यात, बहीण हैदराबादला. म्हणजे विकणारे तिघं. एजंटने हे सगळ्यात शेवटी, गाडीवर बसता बसता सांगितलं.

निघताना तो नवऱ्याला म्हणाला, "मालक, किती द्यायलाव ते बोला की. अण्णा लई ताणणार नाहीत." नवऱ्याने तोंड उघडायच्या आत मी म्हटलं, आज फक्त बघायला आलोय.

घरी येऊन एवढं ठरलं की आकडा एकानेच बोलायचा, आणि ती मी. नवऱ्याला समोरच्याचं मन मोडवत नाही. मी टॉवेलच्या कारखान्यात कॉस्टिंग बघते. दर सांगणं आणि समोरचा दर ऐकून चेहरा न हलवणं हे माझं रोजचं काम आहे.

१२ ऑगस्ट

६८ लाख आले कुठून, असं एजंटला फोनवर विचारलं. तीन कारणं मिळाली. होटगी रोडच्या विमानतळावरून ९ जूनपासून गोव्याचं विमान सुरू झालं. सरकारने १ एप्रिलला रेडी रेकनर वाढवला आणि राज्यात सगळ्यात जास्त, १०.१७ टक्के, सोलापूर महापालिका हद्दीत वाढवला. आणि पलीकडच्या गल्लीतलं घर "सत्तरला गेलं".

विमानाचं कारण सोडून दिलं. गोव्याला जाणारं विमान आमच्या गल्लीत भाडेकरू आणत नाही.

रेडी रेकनरचं मात्र नीट बघितलं. तो दर मुद्रांक शुल्कासाठी असतो. घर तेवढ्याला विकलंच पाहिजे किंवा त्याच्या वर जाऊच नये, असं तो काही सांगत नाही. पण आपल्या आकड्याचा तळ त्याने ठरतो. जमिनीचा दर गुणिले क्षेत्र, अधिक बांधकाम वजा वयाप्रमाणे घसारा, असं करून या मिळकतीचं सरकारी मूल्य ५२ लाखांच्या आसपास येतं. आपण ४८ ला घेतलं तरी मुद्रांक ५२ वरच भरायचा, कारण दस्तातली किंमत आणि सरकारी मूल्य यांत जे जास्त असेल ते धरतात. शिवाय फरक दस्तातल्या किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त झाला की तो अख्खा फरक आयकरात घेणाऱ्याचं उत्पन्न म्हणून धरला जातो. आमच्या बाबतीत ती रेषा ४७ लाख २७ हजारांवर पडते. तिच्या खाली स्वस्त मिळालं तरी पुढे भरपाई करावी लागणार. तेवढं खाली कोणी येणार नाही ते वेगळं, पण रेषा माहीत असावी.

१७ ऑगस्ट, रविवार

"सत्तरला गेलं" हे तपासायला नोंदणी व मुद्रांक विभागाच्या ई-सर्चवर बसले. साइट मधूनमधून अडकते, पण सूची क्रमांक दोन, म्हणजे दस्ताचा गोषवारा, फुकट बघता येते. तिच्यात मोबदला (दस्तातली किंमत) आणि बाजारभाव (सरकारी मूल्य) असे दोन वेगळे रकाने असतात. आजचं काम सगळं त्या दोन रकान्यांवर चाललं.

आसपासच्या गल्ल्यांतले गेल्या दोन वर्षांतले दस्त काढले. बहुतेकांत मोबदला आणि बाजारभाव जवळजवळ सारखे, फरक काही हजारांचा. बाजार सरकारी दराला इतका चिकटून चालत नसतो. दस्त सरकारी दरावर करायचा आणि वरचे पैसे हातात द्यायचे, ही पद्धत सगळ्यांना ठाऊक आहे. असे दस्त तुलनेला निकामी, कारण खरा आकडा त्यांच्या बाहेर राहिलेला असतो. ते सत्तरवालं घरही त्यातलंच निघालं. दस्तावर सत्तर नाही, आणि एजंटच्या तोंडच्या सत्तराला पुरावा नाही.

उपयोगी दस्त वेगळे दिसतात. मोबदला बाजारभावापेक्षा ठळक जास्त आणि लगोलग त्याच मिळकतीवर बँकेच्या गहाणाची नोंद. कर्ज जास्त बसावं म्हणून तिथे पूर्ण किंमत कागदावर आलेली असते. असे दोन सापडले.

एक: १,२०० फुटांचा प्लॉट, २००८ चं ९०० फूट बांधकाम, ५४ लाख. दुसरं: १,८०० फुटांचा प्लॉट, १९९५ चं ८०० फूट बांधकाम, ६६ लाख. इंजिनीअर मित्राने नव्या बांधकामाचा दर फुटाला १,९०० धरून वयाप्रमाणे उतरवला: पहिल्याला १,३००, दुसऱ्याला ६००. बांधकाम वजा केल्यावर जमीन पहिल्यात ३,५२५ आणि दुसऱ्यात ३,४०० रुपये फूट पडली. दोन्ही इतके जवळ आले की मी पुन्हा एकदा गुणाकार तपासला.

आमच्यासाठी जमीन ३,४५० धरली: ५१ लाख ७५ हजार. बांधकाम ८५० फूट, ७०० रुपयांनी: ५ लाख ९५ हजार. एकूण ५७ लाख ७० हजार, घर धड असेल तर.

२३ ऑगस्ट, शनिवार

मुद्दाम पावसात इंजिनीअरला घेऊन गेले. अण्णांना आवडलं नाही, पण त्यांच्या घरातल्या अक्कांनी चहा केला.

विजापूर रोडच्या या भागात खाली काळी माती आहे. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि पाया मुरमापर्यंत गेला नसेल तर भिंती तिच्याबरोबर हलतात. इंजिनीअरचं म्हणणं असं की ऑगस्टमध्ये घर बघणाऱ्याला गळती दिसते पण भेगा दिसत नाहीत, कारण त्या मिटलेल्या असतात. मे महिन्यात बघणाऱ्याचं नेमकं उलटं होतं. त्यामुळे त्याने भेगांऐवजी पुट्टी शोधली. मागच्या खोलीत खिडकीच्या कोपऱ्यातून वर तिरकी जाणारी ताजी पुट्टी सापडली. गिलाव्याचे केसासारखे तडे त्याने सोडून दिले. ही तिरकी रेघ मात्र त्याला पटली नाही. त्या कोपऱ्यातली शहाबादी फरशीही थोडी खचलेली आहे, आणि बाहेर नेमकं तिथेच न्हाणीचं पाणी मुरतं.

वरच्या खोलीच्या छताला ओल. ती खोली मंजूर नकाशात नाहीच. कर आकारणीच्या उताऱ्यात आहे असं अण्णा म्हणाले आणि ते खरंही आहे. पण महापालिकेने कर लावला म्हणजे बांधकाम कायदेशीर झालं असं होत नाही आणि बँकेचा मूल्यांकनकार ती खोली धरणार नाही. मीही शून्य धरली.

पाणी: नळाला चार-पाच दिवसांआड येतं, म्हणजे हौद केवढा हा प्रश्न खोल्या किती यापेक्षा मोठा. हौद चांगला आहे. बोअर उन्हाळ्यात आटतं, हे शेजारच्या काकूंनी न विचारता सांगितलं. सांडपाणी महापालिकेच्या लाइनला जोडलेलं आहे, सेप्टिक टाकी नाही. हा फायदा.

खर्चाचा अंदाज: एकूण साडेचार लाख. त्यातले वायरिंग, नळ, रंग यांचे दोन लाख वयाप्रमाणे दर उतरवताना आधीच धरले गेलेत, म्हणून किमतीतून पुन्हा वजा करायचे नाहीत. स्लॅब, तो कोपरा आणि न्हाणीचं पाणी वळवणं यांचे अडीच लाख वजा. घराची किंमत माझ्या हिशेबाने ५५ लाख २० हजार, म्हणजे ५५.

२६ ऑगस्ट

उद्या गणपती. विसर्जनापर्यंत घराचा विषय काढायचा नाही, असं सासूबाईंनी जाहीर केलं.

७ सप्टेंबर, रविवार

आता खिशाचं गणित. घराची किंमत आणि खिशाची ताकद हे दोन वेगळे आकडे आहेत. ते एकाच कागदावर मांडले की एकमेकांत मिसळतात, म्हणून वेगळी पानं केली.

कर्ज ३० ते ७५ लाखांमध्ये असेल तर बँक किमतीच्या जास्तीत जास्त ८० टक्के देते, आणि तेही दस्ताची किंमत व तिचं स्वतःचं मूल्यांकन यांत जे कमी असेल त्यावर. मुद्रांक आणि नोंदणी त्यात येत नाही. आमचे स्वतःचे साडेतेवीस लाख. त्यातून जाणार: किमतीचा पाचवा हिस्सा, मुद्रांक, नोंदणीचे ३० हजार, एजंटला एक टक्का, वकील, दुरुस्तीचे साडेचार, आणि हात न लावायचे तीन लाख. उलटं सोडवलं तर किंमत साडेएकोणसाठ लाखांपर्यंत पेलते.

मुद्रांकावर घरात चर्चा झाली. सोलापुरात तो ५ टक्के अधिक १ टक्का स्थानिक संस्था कर असा ६ टक्के. घेणारी फक्त बाई असेल तर एक टक्का सूट. नवऱ्याचं नाव जोडलं की सूट गेली. कर्जात मात्र तो सहकर्जदार राहू शकतो. मामा म्हणाले, "नाव एकीचं आणि हप्ता दोघांचा?" मी म्हटलं, साठ हजारांच्या आसपास वाचतात, वरची स्लॅब त्यात वॉटरप्रूफ होते. मामांनी पेपर उघडला.

९ सप्टेंबर

पितृपक्ष सुरू झालाय. गिऱ्हाईक घर बघायलाही येत नाही, हे अण्णांनाही माहीत आहे. मामांशी तडजोड: बोलणी चालतील, पैसे घटस्थापनेनंतर.

कमाल आकडा लिहून पाकिटात घातला: ५७ लाख ५० हजार. घराची किंमत ५५, मग अडीच लाख जास्त कशाचे? सासरचं घर चालत दहा मिनिटांवर आहे आणि मुलीची शाळा बदलावी लागत नाही. मला त्याचे अडीच लाख द्यावेसे वाटतात. साडेएकोणसाठ पेलतात म्हणून साडेएकोणसाठ द्यायचे नाहीत. पाकीट नवऱ्याकडे दिलं, म्हणजे बोलताना मला आकडा सरकवायचा झाला तर त्याच्याकडे मागावं लागेल.

१३ सप्टेंबर

एजंटचा फोन: दुसरं गिऱ्हाईक आहे, नवरात्रात ६५ द्यायला तयार. मी म्हटलं, चांगलं आहे, अण्णांचा फायदा होऊ दे. तो गडबडला. "तसं नाही ताई, तुम्ही आधी आलाव ना."

१४ सप्टेंबर, रविवार

पहिला आकडा दिला: ५२ लाख ५० हजार, लेखी. सरकारी मूल्याच्या वर, म्हणून अपमान वाटू नये. आणि कमालपासून पाच लाख खाली, म्हणून चढायला जागा. सोबत एक पान: दोन दस्तांची तुलना, दुरुस्तीची यादी, पुट्टीचा फोटो.

अण्णांनी पान वाचलंच नाही. "बाबांनी हातमागावर बसून एकेक वीट घेतलीय, आणि तुम्ही भेगा मोजता." यावर उत्तर नसतं. मी दिलंही नाही. अक्का आत गेल्या आणि तेलुगूत काहीतरी म्हणाल्या, तेव्हा अण्णा जरा खाली बसले.

मग खरी गोष्ट बाहेर आली. ६४ ला तयार आहेत, पण त्यातले १८ रोख हवेत. दस्त ४६ चा. कारण टॅक्स. "तिघांत टॅक्सच लाखो रुपये जाणार, मग हातात काय उरणार?"

हे आम्हाला परवडणारच नव्हतं. ४६ च्या दस्तावर कर्ज ३६ लाख ८० हजार. वरचे १८ रोख कुठून आणायचे? ४६ म्हणजे माझ्या ४७ लाख २७ हजारांच्या रेषेखालीही. घराच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रोख घेतली तर विकणाऱ्याला तेवढ्याच रकमेचा दंड बसू शकतो, म्हणजे त्यात धोका अण्णांचाही आहे. एवढं सांगून उठलो. आकडा हलवला नाही.

१८ सप्टेंबर

मला वाटतं या सगळ्या प्रकल्पातलं कामाचं काम आज झालं, आणि ते आमच्या बाजूच्या गणिताचं नव्हतंच. अण्णांना टॅक्स किती बसेल, हे त्यांच्यासकट कोणी काढलंच नव्हतं. भीतीचा आकडा होता, हिशेबाचा नव्हता. ओळखीच्या सीएकडे अण्णांना घेऊन गेलो, फी आम्ही दिली.

घर २००१ च्या आधीचं, म्हणून खरेदीची किंमत १ एप्रिल २००१ च्या बाजारमूल्याने धरता येते. ते मूल्यांकनकाराकडून घ्यावं लागेल; सीएने अंदाजाने ८ लाख धरले. २००१ चा महागाई निर्देशांक १०० धरला तर या वर्षीचा ३७६, म्हणजे ८ चे झाले ३० लाख ८ हजार. विक्री ५७ लाख धरली तर नफा २६ लाख ९२ हजार, त्यावर २० टक्के: ५ लाख ३८ हजार. निर्देशांक न घेता साडेबारा टक्क्यांनी ६ लाख साडेबारा हजार. २३ जुलै २०२४ च्या आधीची मिळकत असल्याने दोन्हींत जे कमी ते. सेस (करावरचा उपकर) धरून माणशी १ लाख ८७ हजारांच्या आसपास. बहीण हैदराबादला फ्लॅट घेणार आहे. तिने तिचा नफा मुदतीत घरात घातला तर तिला तोही नाही.

अण्णांनी विचारलं, "म्हणजे लाख-दीड लाखासाठी मी अठरा लाख घरात लपवून बसणार होतो?" सीएने एक लाख सत्त्याऐंशी हजार असं दुरुस्त केलं. रोख रकमेचा विषय त्यानंतर निघाला नाही.

सीएने आम्हालाही एक सांगितलं: किंमत ५० लाखांवर, म्हणून १ टक्का टीडीएस आम्ही कापून भरायचा. वाटे माणशी १९ लाखांचे असले तरी एकूण किंमतच बघतात, आणि तिघांच्या पॅनवर टीडीएस भरायचे तीन वेगळे फॉर्म २६क्यूबी. विकणाऱ्यांना हे आधीच सांगून ठेवायचं, नाहीतर ऐन दस्ताच्या दिवशी पैसे कमी का म्हणून वाद.

२४ सप्टेंबर

घटस्थापना झाली. सीनेला पूर आलाय, जिल्ह्यात हाहाकार आहे, धाकटे भाऊ पुण्याहून निघालेच नाहीत. बोलणी फोनवर. ते ६० वर आले, मी ५५ वर.

२७ सप्टेंबर, शनिवार

आकड्यावर आणखी ओढाताण करण्याऐवजी अण्णांना विचारलं, घर कधी सोडायचंय? इतके दिवस हे कोणीच विचारलं नव्हतं, कारण एजंट म्हणायचा "लगेच ताबा". लगेच नाहीच. त्यांना मुलाकडे जायचंय आणि तिथली खोली डिसेंबरात मोकळी होणार. आत्ता घर विकलं तर मधले तीन महिने भाड्याने राहायचं, सामान दोनदा हलवायचं. अक्कांना ते नकोच होतं, आणि मागणी ताणून धरण्यामागे तेही एक होतंच.

मग प्रस्ताव असा: ५७ लाख, सगळे बँकेतून. खरेदीखत आणि ताबा एकाच दिवशी, डिसेंबरअखेर. तोवर त्यांनी राहावं. वारस नोंद तिघांनी मिळून करून घ्यायची, त्याचा खर्च आम्ही करू. वरची खोली आहे त्या स्थितीत घेतो, तिच्याबद्दल पुढे तक्रार नाही.

धाकटे भाऊ साडेअठ्ठावन्न म्हणाले. मी नवऱ्याकडे बघितलं, त्याने मान हलवली नाही. पाकीट तसंही घरीच होतं. मी म्हटलं, सत्तावन्न, आणि दसऱ्याला विसार. पलीकडे तिघं भावंडं फोनवर बराच वेळ तेलुगूत बोलली. मला एक शब्द कळला नाही. शेवटी अक्काच बाहेर येऊन म्हणाल्या, "दसऱ्याला या."

२ ऑक्टोबर, दसरा

विसारपावती झाली, ५०० रुपयांच्या स्टँपवर. दोन लाख, तिघांच्या नावे वेगवेगळे चेक, बहिणीचा कुरिअरने गेला. दोन कलमं मी हट्टाने घातली: शोध अहवालात दोष निघाला किंवा मुदतीत वारस नोंद झाली नाही तर विसार परत; आणि बँकेचं मूल्यांकन ५५ च्या खाली आलं तर किंमतीवर पुन्हा बोलणं. पहिल्याला हरकत आली नाही. दुसऱ्यावर एजंट कुरकुरला, अण्णांनी त्यालाच गप्प केलं.

१० ऑक्टोबर

बँकेचं मूल्यांकन ५६ लाख. वरची खोली धरली नाही, अपेक्षेप्रमाणे. कर्ज ४४ लाख ८० हजार, ८ टक्क्यांनी वीस वर्षं धरलं तर हप्ता साडेसदतीस हजारांच्या आत. न हात लावायच्या तीन लाखांतले बारा-तेरा हजार कमी पडतात, ते चालतील.

वकिलांनी तीस वर्षांचा शोध घेतला, बोजा नाही. वर्तमानपत्रात जाहीर नोटीस उद्या येईल. नगर भूमापन कार्यालयात वारस नोंदीचा अर्ज दाखल, बहिणीच्या आधारवरचं माहेरचं-सासरचं नाव जुळत नाही म्हणून प्रतिज्ञापत्र मागितलंय. ते हैदराबादहून यायचंय. पुढचा फोन सोमवारी, अण्णांना नव्हे, थेट त्यांच्या बहिणीला.